हॉलिसचं पुस्तक जाळायचा बेत

नॉर्थ हार्बरमध्ये देव आणि लॉगर्स हा गावाचा फुटबॉल संघ, या दोघांनाही रविवारच लागतो, आणि दोघांनी एकमेकांच्या आड यायचं नाही असा गावाचा जुना समझोता आहे. दुपारी सामना असला की पास्टर लिंडाल प्रवचन आटोपतं घेतात. नाही घेतलं, तर मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येते. निम्मी मंडळी तपकिरी-पिवळ्या जर्सीतच प्रार्थनेला बसलेली असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अशा या गावात एका मार्च महिन्यात बातमी आली, की ब्रँट हॉलिसने देवावर पुस्तक लिहिलंय.

हॉलिस म्हणजे कॅप्टन्सचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातून सुटतो आणि अख्खा संघ त्याच्या इशाऱ्यावर धावतो. कॅप्टन्स सरोवराच्या खालच्या टोकाच्या बड्या शहरातले; त्यांच्याशी लॉगर्सचं वैर आजोबा-पणजोबांपासूनचं. त्यातून या हॉलिसने गेली कित्येक वर्षं लॉगर्सना ऐन शेवटच्या मिनिटाला रडवलं होतं. बरं, हरवून गप्प बसेल तर तो हॉलिस कसला. प्रत्येक टचडाउननंतर, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की, एक गुडघा टेकायचा, डोळे मिटायचे आणि आभाळाकडे बोट करायचं. म्हणजे जखम करायची ती करायची, वर मीठ चोळायला देवाला बोलवायचं.

पुस्तकाचं नाव होतं ‘पडलेल्याला उचलणारा’. किराणा दुकानात गल्ल्याशेजारी त्याची चळत लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रती पालथ्या. पुढच्या आठवड्यात त्या मांजरांच्या खाण्यामागे सापडल्या. दुकानदाराने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तोही इथलाच.

“पडलेल्याला उचलणारा म्हणे,” शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळता तळता आर्डिस हॉगेन म्हणाली. “अरे, पण आम्हाला पाडलं कुणी?”

बायका हसल्या. आर्डिस ही त्या तळणीची मुकादम. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज खणखणीत, आणि लॉगर्सच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. वडिलांकडून आलेल्या स्टेडियमातल्या दोन जागा तिच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर होत्या. नॉर्थ हार्बरमध्ये लोक जमीन विकतील, पण जागा सोडणार नाहीत.

“देव त्याच्या बाजूने आहे हे सांगायला पुस्तक कशाला पाहिजे?” ताटं घेऊन उभा असलेला वर्लिन म्हणाला. तो कागद गिरणीतून निवृत्त झालेला, आर्डिसचा शेजारी. “पंचांकडे बघितलं तरी कळतं.”

पास्टर लिंडालनी कोबीची कोशिंबीर वाढून घेत हळूच सांगून बघितलं. “मी वाचलंय ते. अगदीच वाईट नाहीये. हातून सगळं निसटत होतं त्या दिवसांबद्दल प्रामाणिकपणे लिहिलंय त्याने.”

“पास्टर, तुम्ही पडलात बाहेरचे, मिनेसोटाचे,” आर्डिस म्हणाली. “तुम्हाला माफ आहे.”

तर गावात असा धुरळा उडालेला असताना आर्डिसच्या घरात मात्र सोन्याचे दिवस आले होते. तिचा भाऊ डेलमर दारू प्यायचा थांबला होता.

डेलमर सहा वर्षांचा असताना आई गेली आणि थोरल्या आर्डिसने त्याला वाढवला. शाळेचा डबा तिने भरला, पहिली दाढी करायला तिने शिकवलं आणि पहिली बाटली त्याच्या गादीखालून तिनेच काढली. मग चाळीस वर्षं ती त्याच्या कानीकपाळी ओरडत राहिली. रडली, अबोला धरला, चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना मांडल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याची बायको कंटाळून निघून गेली. आर्डिस कुठे जाणार? दर रविवारी स्टेडियममधून त्याला खांद्याला धरून गाडीपर्यंत आणणं, घरी नेऊन बूट काढणं, बादली उशाशी ठेवणं, हा तिच्या रविवारचा भागच झाला होता.

आणि या वर्षी ईस्टरच्या सुमारास तो आपण होऊन थांबला. गाजावाजा नाही, शपथा नाहीत. मे गेला, जून गेला, तरी त्याच्या स्वयंपाकघरात कॉफीशिवाय कसला वास येईना. आर्डिसला आधी खरंच वाटेना, आणि खरं वाटायला लागल्यावर ती सुटलीच. ज्याला त्याला सांगायची, “थेंब थेंब पाण्याने दगडसुद्धा झिजतो हो. शेवटी ऐकलं माझं.” लोक तिचा हात हातात घेऊन म्हणायचे, तू होतीस म्हणून तो वाचला. आर्डिस नको नको म्हणायची, पण आतून तिला ते फार हवंसं वाटायचं. का वाटू नये? आयुष्य घातलं होतं तिने त्यात. डेलमर जवळ असला की मान खाली घालून ऐकायचा. तिला वाटायचं, लाजतोय बिचारा.

नोव्हेंबरात कॅप्टन्स नॉर्थ हार्बरला आले. त्या सामन्याच्या दिवशी सकाळीच स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्यांच्या रांगा लागतात, त्यांची मागची दारं उघडतात, शेगड्या पेटतात, सॉसेज चरचरायला लागतात. वर्लिनच्या शेगडीवर दरवर्षी कॅप्टन्सची एखादी निळी वस्तू जाळायचा रिवाज होता. कधी टोपी, कधी झेंडा. यंदा काय जाळायचं यावर वाद होण्याचं कारणच नव्हतं.

“हे घ्या,” म्हणून वर्लिनने कोटातून पुस्तक काढलं. आठ-दहा जणांनी टाळ्या पिटल्या. आर्डिसने शेगडीवरची जाळी बाजूला केली. आणि मग वर्लिनची बायको रोझली म्हणाली, “अहो, पण थांबा. यात बायबलमधली वचनं असतील ना?”

सगळे थबकले. खरंच की. कॅप्टन्सची टोपी जाळणं वेगळं आणि देवाचं वचन जाळणं वेगळं.

“मग वचनं फाडून बाजूला काढू आणि बाकीचं जाळू,” वर्लिन म्हणाला.

“आण इकडे,” आर्डिसने पुस्तक ओढून घेतलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पानं चाळायला लागली. “पान नऊ, स्तोत्रसंहिता. पान अकरा, पुन्हा तेच. अरे, याच्या दर पानावर आहेत. मेल्याने मुद्दाम केलंय, आपण जाळू नये म्हणून.”

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. कुणी म्हणालं, नुसता त्याचा फोटो जाळा. कुणी म्हणालं, आधी पास्टरना फोन लावा. आर्डिसने शेवटी मुखपृष्ठच टर्रकन फाडलं. त्यावर वचन नव्हतं, हॉलिसचे दात होते. ते निखाऱ्यांवर टाकायला ती वाकली तेवढ्यात तिच्या मनगटावर हात पडला.

“राहू दे, आर्डिस,” डेलमर म्हणाला.

“का रे? यात कुठे देव आहे?”

“नाही. पण राहू दे.” त्याने दुसऱ्या हाताने तिच्याजवळचं पुस्तक काढून घेतलं आणि फाटलेलं मुखपृष्ठ त्यात नीट घातलं. “मी हे वाचूनच थांबलोय.”

सॉसेज चरचरत होते. वर्लिनने उगाचच एक उलटवला.

“काय थांबलायस?” आर्डिसने विचारलं. कळलं होतं तिला. तरी विचारलं.

“प्यायचा. मार्चमध्ये मीही घेतलं हे पुस्तक. दुकानात मांजरांच्या खाण्यामागे पडलं होतं. म्हटलं, बघू तरी कसला ढोंगी आहे. शिव्या द्यायलाच घेतलं, खरंच. तर त्याने लिहिलंय, की तोही प्यायचा. गोळ्या घ्यायचा. आपल्याला इथे हरवलं ना त्या वर्षी, त्या रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात पडला होता म्हणे.” त्याने घसा साफ केला. “मी ते तीनदा वाचलं.”

“आणि मी?” आर्डिस म्हणाली. “मी चाळीस वर्षं काय सांगत होते तुला?”

“तेच सांगत होतीस.”

“मग?”

लोक आता कुणी कोळशाकडे, कुणी स्वतःच्या बुटांकडे बघत होते. डेलमरने तिच्याकडे बघितलं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्या पुस्तकाने त्याची तीही सोय काढून घेतली असावी.

“तू सांगायचीस ना, तेव्हा मला तुझ्यासमोर लाज वाटायची,” तो म्हणाला. “तू माझी ओकारी पुसलेली, माझे बूट काढलेले. तू बोलायला लागलीस की ते सगळं आठवायचं आणि मग आणखी प्यावंसं वाटायचं. त्याने माझं काहीच बघितलं नव्हतं. उलट मीच त्याला शिव्या घातलेल्या. त्याचं ऐकणं सोपं गेलं, आर्डिस. मी तुला सांगणार होतो. पण तू सगळ्यांना सांगत सुटलीस.”

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसंच झालं होतं. पण म्हण ऐकायला बरी असते, स्वतःवर आली की कळते. आर्डिसने डोळ्यांवरचा चष्मा काढला. गावभर मिरवलेली प्रत्येक गोष्ट तिला आठवली. थेंब थेंब पाणी. झिजलेला दगड. आणि दगड झिजवून गेला तो कोण, तर सरोवराच्या खालच्या टोकाचा तो दात दाखवणारा. लॉगर्सचे सामने तर त्याने नेलेच होते. आता घरात शिरून हेही नेलं. आणि दार उघडलं कुणी, तर तिनेच वाढवलेल्या पोराने.

“चल,” ती म्हणाली. “आत जाऊ. सुरू होईल.”

ती दोघं आपल्या जागी बसली. थंडी मरणाची होती, आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच घोंगडी, नेहमीसारखी. डेलमरने पुस्तक कोटाच्या आत ठेवलं होतं. त्याचा कोपरा वर आलेला तिला दिसत होता. हॉलिस मैदानात आला तेव्हा सगळं स्टेडियम हुर्यो करत उभं राहिलं. आर्डिस उभी राहिली. डेलमर बसून राहिला. पुढच्या रांगेतल्या जाड्याने मागे वळून विचारलं, “काय डेल, बरं नाही का?” डेलमर म्हणाला, “बरा आहे.” चाळीस वर्षं जो सगळ्यात आधी उठून सगळ्यात घाणेरडं बोलायचा, तो माणूस.

दुसऱ्या सत्रात लॉगर्सच्या पोरांनी हॉलिसला गाठून असा आपटला, की आवाज वरपर्यंत आला. तो लगेच उठला नाही. लोक नाचायला लागले. आर्डिसही ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने बाजूला बघितलं. डेलमरचे ओठ हलत होते. तो त्याच्यासाठी प्रार्थना करत होता. तिच्या वडिलांच्या जागेवर बसून, तपकिरी-पिवळी टोपी काढून मांडीवर घेऊन.

तेवढ्यात बियरवाला पायऱ्या चढत आला.

आर्डिसने हात वर केला. का केला हे तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, घसा कोरडा पडला होता. पण तिने कपाला तोंड लावलं नाही. फेस हातावर सांडत तिने तो कप डेलमरपुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. “एकच. थंडी आहे.”

डेलमरने कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला पेलला असता. राग तिने पुष्कळ पेलला होता. पण त्याला नुसतं आश्चर्य वाटलं होतं. लहानपणी कुत्र्याने, घरच्या कुत्र्याने, त्याच्या हाताचा चावा घेतला होता तेव्हा तो असाच बघत राहिला होता. त्याची बोटं घोंगडीवर एकदा हलली. वास त्याच्यापर्यंत पोचला असणारच. क्षणभर, खरोखर एक क्षणभर, आर्डिसला वाटलं की तो घेईल. आणि तो क्षण तिला गोड लागला.

मग तिला स्वतःचाच हात दिसला.

डेलमरने कप घेतला नाही. तो उठला, घोंगडीची स्वतःकडची बाजूही तिच्या मांडीवर सारली आणि टोपी घातली.

“मी गाडीत बसतो,” तो म्हणाला. “इथे बसवत नाही गं मला अजून. तू सामना संपवून सावकाश ये. गाडी मी चालवीन.”

पाय काढून घेत लोकांनी त्याला वाट दिली. दर वेळी तिच्या खांद्यावर लोंबकळत उतरलेल्या त्या पायऱ्या तो एकटा, सरळ उतरून गेला. तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं, पण खाली हॉलिस उठला होता, आणि तो उठला म्हणून स्टेडियम असं खवळलं की कुणाची हाक कुणाला ऐकू गेली नसती. दोनच डावांत त्याने चेंडू फेकून टचडाउन केला. गुडघा टेकला, डोळे मिटले, बोट वर केलं. लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आर्डिसनेही केला, आवाज बसेपर्यंत केला, आणि मग तो कप हातात घेऊन दोन्ही जागांच्या मधोमध बसली.

गाडीत डेलमर हीटर लावून बसला असेल. ती गेली की तो काही विचारणार नाही. घरी नेईल, कॉफी करील, आणि या कपाबद्दल कधी अवाक्षर काढणार नाही. तो तिला माफ करणार होता, बहुधा जिना उतरता उतरता केलंही असेल. त्या माणसाने कुठल्यातरी पानावर तसं करायला सांगितलं असणार. आर्डिसला माफी हवी होती, अगदी आतड्यापासून हवी होती. फक्त ती हॉलिसकडून आलेली नको होती, आणि डेलमरकडे आता दुसरी कुठली उरली नव्हती.