थातोच्या आईचे नाव

मी एक जुनी नोंदवही आहे. लेसोथोच्या डोंगरात, चौदा गावांच्या मधोमध असलेल्या एका दगडी चर्चच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, नोंदवही म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. माझ्यात ना चित्रे, ना राजाराणी. पण पन्नास वर्षे मला वाचायला कोणी उघडले नव्हते, तेव्हा आज जरा ऐकून घ्या.

माझी पाने समुद्रापलीकडे शिवली गेली. बोटीतून, मग बैलगाडीतून आणि शेवटच्या चढणीला घोड्याच्या पाठीवरून मी इथे आले. सेखोबे मास्तर शाळाही शिकवत आणि चर्चचे लिखाणही बघत. त्यांनी माझ्या कोऱ्या पानावरून हात फिरवला आणि प्रत्येक गावाला मोजून वीस पाने वाटून दिली. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचे नाव, आईबाप, साक्षीदार, सारे ते लिहीत. जे मूल ज्या गावात जन्मले, त्याची नोंद त्याच गावाच्या पानावर, हा त्यांचा नियम होता. तो त्यांनी स्वतःच्या पोरांसाठीही मोडला नाही.

त्या दिवसांत माझा काय तोरा होता! रविवारी लोक घोंगड्या सावरत रांगेत उभे राहत. "मास्तर, माझं नाव कुठं आहे ते दाखवा की," म्हणत म्हातारे माझ्यावर वाकत. वाचता एकालाही येत नसे, तरी आपल्या नावावर बोट ठेवून हसत. त्यांच्या बोटांचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत.

एका नोंदीबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. १९३४ च्या हिवाळ्यात मास्तर मला खोगिराच्या पिशवीत घालून हा-सेकोती गावाला गेले. तिथे एका घराच्या दारावर बोरूची काडी खोचलेली होती. म्हणजे आत बाळंतीण होती आणि पुरुषाला आत जायची मनाई होती. बाळ फार अशक्त होते, चर्चपर्यंत आणणे शक्य नव्हते. बाळाच्या आजीने त्याला दाराशी आणले. मास्तरांनी बाहेरूनच पाणी शिंपडले आणि मला गुडघ्यावर ठेवून लिहिले: मुलगा थातो, आई माथातो, साक्षीदार बाळाचा मामा मोएकेत्सी.

माथातो हे काही त्या मुलीचे स्वतःचे नाव नव्हते. आमच्याकडे सून घरात आली की सासरचे तिला नवे नाव देतात, तेही अजून पोटातसुद्धा नसलेल्या मुलाच्या नावावरून. तिच्या सासरी ठरले होते की पहिल्या मुलाला थातो म्हणायचे. त्यामुळे लग्नाच्या दिवसापासून ती माथातो, म्हणजे थातोची आई. पण पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती, आणि आतून तिच्या आईने तिला जुन्या नावानेच हाक मारली. "रडू नको गं बाळा, दूध आटेल," असे ती माउली म्हणत होती. ते जुने नाव मी ओळखले. तेरा वर्षांपूर्वी ते माझ्याच पानावर लिहिले गेले होते.

नवव्या दिवशी मास्तर पुन्हा त्या वाटेने गेले आणि थातोच्या नावापुढे त्यांनी छोटा क्रूस काढून लिहिले: नऊ दिवस.

ती मुलगी सासरी, हा-रामोहापीला परत गेली. पुढे चाळीस वर्षे झऱ्यावर, शेतात, चर्चच्या दारात लोक तिला थातोची आई म्हणून हाक मारत राहिले. तो मुलगा या जगात नाही, हे हाक मारणाऱ्यांपैकी कितीजणांना आठवत होते, मला माहीत नाही. तिला मात्र दर वेळी आठवत असणार. मला तिची फार दया येई.

मग मास्तर वारले. नव्या नोंदवह्या आल्या, माझी रवानगी कपाटाच्या तळाला झाली. डोक्यावर मेणबत्त्यांचे खोके आले. कसर लागली. एका रखवालदाराने तंबाखू वळायला माझी मागची अकरा पाने फाडली. अकरा! त्यांवर शंभर तरी माणसे होती, सगळी धुरात गेली. माझ्यात चार हजार नावे आहेत, आणि तरीही माझ्याइतके एकटे कोणी नसेल. कारण नावे आपसात बोलत नाहीत, ती कोणीतरी वाचावी लागतात.

यंदा ईस्टरच्या आधी कपाट उघडले. माखोत्सो आजींनी मला बाहेर काढून घोंगडीच्या टोकाने पुसले. वय वर्षे एक्क्याऐंशी, चर्चची झाडलोट आणि किल्ली त्यांच्याकडे, आणि जीभ विळ्यासारखी. त्यांच्याबरोबर शहरातून आलेली लिनेओ होती, नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली.

"मला माझ्या आजीचं नाव शोधायचंय," लिनेओ म्हणाली.

"नाव ठाऊक नाही? मग आजी कुणाची होती, शेजाऱ्यांची?"

"सासरचं ठाऊक आहे, माथातो. लग्नाआधी ती कोण होती, कुठली होती, ते सांगणारं कुणी उरलं नाही. शनिवारी तिच्या थडग्यावर दगड बसवायचाय. कोरणारा रोज फोन करतो, नाव काय घालू म्हणून. बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलते, म्हणतात, माथातो घाल आणि विषय संपव."

"शहाणे आहेत चुलते. शनिवारची जेवणं लवकर उरकतील."

लिनेओ हसली नाही. "सहा वर्षांची होते मी ती गेली तेव्हा. तिच्या पाठीवर वाढले. आणि मला तिचं नाव माहीत नाही. लाज वाटते हो."

मग आजींनी खिडकीजवळ बाक ओढून दिले.

दोन दिवस लिनेओ हा-रामोहापीची पुसट पाने अक्षर अक्षर लावत चाळत होती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, बाई गं, इथे नाही, पुढे जा! पण आम्हा वह्यांना तोंड कुठले? दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तिचे वडील सापडले. मुलगा त्शेलिसो, १९३६, आई माथातो. त्याआधी त्या घरातले एकही मूल नव्हते.

"म्हणजे बाबाच पहिले," ती हताश होऊन म्हणाली. "थातो कधी जन्मलाच नाही. चुलतेही हेच सांगतात, नाव नुसतं ठरवलेलं होतं." तिने चष्मा काढला आणि मला मिटायला घेतले. मित्रांनो, आता मिटले की पुन्हा पन्नास वर्षे!

"थांब," माखोत्सो आजी झाडू टेकवून म्हणाल्या. "बापाचं नाव काय म्हणालीस?"

"त्शेलिसो."

"म्हणजे सांत्वन. कुणाचं सांत्वन गं? घरातलं पोर गेल्याशिवाय पुढच्याला हे नाव ठेवलेलं कधी पाहिलंयस? नर्स म्हणे!"

लिनेओने चष्मा पुन्हा चढवला. "म्हणजे थातो होता."

"होता. आणि पहिलं बाळंतपण कुठं करतात आपल्यात?"

"माहेरी."

"मग सासरच्या पानांत दोन दिवस काय उकरत बसलीस?"

त्यानंतर दोघींनी मिळून उरलेल्या तेरा गावांची पाने धरली, फक्त थातो हे नाव शोधत. लिनेओ वाचायची, आजी कसर झटकायच्या. उन्हे भिंतीवर चढली तेव्हा हा-सेकोतीचे अकरावे पान आले. मुलगा थातो. आई माथातो. साक्षीदार मामा मोएकेत्सी. पुढे छोटा क्रूस, नऊ दिवस. लिनेओने त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती मामाचे नाव शोधत त्याच गावाच्या मागच्या पानांकडे गेली. तिथे १९२१ सालची एक ओळ होती. बापाचे नाव कसरीने खाल्ले होते, जन्मतारीखही खाल्ली होती. उरले होते एवढेच: मोएकेत्सी, वय दहा, आणि त्याची एकुलती बहीण म्पोलोकेंग, वय सात.

"म्पोलोकेंग," लिनेओने मोठ्याने वाचले. मला जपा, असा त्या नावाचा अर्थ. त्या दाराआडून ऐकले होते, त्यानंतर हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. लिनेओ रडली. मीही रडले असते, पण शाई फुटली असती.

फोन लागावा म्हणून ती बाहेरच्या खडकावर चढली. खिडकीतून मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"लिहून घ्या, म्पोलोकेंग. हो, तेच वर, मोठ्या अक्षरात. खाली थातोची आई. चुलत्यांना मी बघते... नाही हो, नुसतं ठरवलेलं नाव नव्हतं. थातो होता. नऊ दिवस होता."

आत आल्यावर तिने मला कपाटात ठेवायला उचलले आणि मध्येच थांबली.

"आजी, तुम्ही खोत्सोची आई. तुमचं नाव काय?"

माखोत्सो आजी झाडायच्या थांबल्या. "आता काय करायचंय ते?"

"सांगा तर."

"बासष्ट वर्षांत कुणी विचारलं नाही गं." त्यांनी घोंगडी उगाच दोनदा सावरली. मग लाजत, शाळेतल्या मुलीसारख्या हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "न्थाबिसेंग."

लिनेओने पेन काढले.

"अगं, पाद्रीसाहेब रागावतील!"

"ते कधी येतात?"

"महिन्याने."

"तोवर शाई वाळेल."

रखवालदाराने जे शेवटचे पान शिल्लक ठेवले होते, त्याच्या तळाशी तिने ते नाव लिहिले. आजींना वाचता येत नाही. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि हसल्या.

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटात आहे. मेणबत्त्यांचे खोके मात्र डोक्यावरून गेले आहे आणि मला आजींच्या जुन्या फडक्यात बांधलेले आहे. तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी वही कुठेतरी पडलेली असेल. तिला ओलीपासून आणि तंबाखूवाल्यांपासून वाचवा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिला तिचे नाव विचारा. ती आधी "आता काय करायचंय ते" असेच म्हणेल. तुम्ही उठू नका.