मीठ ओढणारी

जागृतीच्या लग्नाचा मांडव उतरला त्याच आठवड्यात, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, धनेशने आपल्या आईला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि द्रोणागिरीच्या रुंद रस्त्यावर गाडी ऐंशीला नेली. मागच्या सीटवर सुमेधा होती. या रस्त्याकडेच्या नव्या पुतळ्याचं चित्र तिने काढलेलं, पुतळा धनेशने घडवलेला. लेकीच्या लग्नाच्या धावपळीतही त्याने काम थांबू दिलं नव्हतं.

"आय, आता बग डावीकडं," तो म्हणाला. बयाबाईंनी मान वळवली तोवर पुतळा मागे गेला होता.

"काय दिसला?"

"खांबा दिसला. बाई नाय दिसली."

 सुमेधाला हे आधीच ठाऊक होतं.

धनेशचं तुर्भ्याला फॅब्रिकेशनचं दुकान होतं. तीस वर्षं त्याने गेट, ग्रिल आणि कारखान्यांच्या टाक्या बनवल्या. हा रस्ता जिथून जातो तिथे पूर्वी मिठागरं होती, म्हणून रस्त्याकडेला मीठ ओढणारी बाई उभी करायची ठरलं, आणि योगायोगाने काम त्याच्याकडे आलं. त्याच जागी त्याच्या आईने चाळीस वर्षं मीठ ओढलं होतं. कामावरचा तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून त्याने सुमेधाकडे हट्ट धरला की चेहरा मी माझ्या आईचा करणार. बारा दिवस तो त्या चेहऱ्यापाशी बसला. गालाच्या सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, नाकातली नथनी, सगळं पत्र्यात उतरवलं. मग देवळात मूर्ती बसवतात तशी ती बाई त्याने रस्त्याकडे सरळ तोंड करून उभी केली. अख्ख्या गावाला सांगून झालं होतं.

पण देवळात माणूस समोर थांबतो. इथे कोणी थांबत नाही. भरधाव येणाऱ्याला बाजूने नुसती पत्र्याची कड दिसते, आणि ती समोर येते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते.

"धनेशदादा, माणसाच्या हातात तीन सेकंद असतात," सुमेधा हळूच म्हणाली. "नाकडोळे त्याला दिसणारच नाहीत. लांबून अंगाची रेघ तेवढी दिसते."

पुतळा चाचणीपुरताच उभा केला होता. तो येणाऱ्या गाड्यांकडे वळवावा आणि चेहरा काढून डोकं सपाट करावं, असं तिचं म्हणणं होतं. धनेश चिडला. चेहरा गेला तर ती माझी आई कशी राहील, असं त्याने विचारलं.  तुम्हीच ठरवा, एवढंच सुमेधा म्हणाली.

पुतळा क्रेनने उचलून तुर्भ्याला परत आणला. बयाबाई शेडमध्ये त्याच्याभोवती फिरल्या, लोखंडी गालावरून हात फिरवला, नथनी चाचपून हसल्या. मग कमरेपाशी थांबल्या.

"असा कोन वडतो? पाठ मोडंल."

कोपऱ्यातला एक पाईप त्यांनी मीठ ओढायच्या दांड्यासारखा धरला, टाच जमिनीत रोवली आणि सगळं अंग मागे टाकलं. मीठ पुढे वाकून ओढत नाहीत, मागे रेलून मागे चालत ओढतात, हे धनेशने लहानपणी रोज पाहिलं होतं आणि करताना विसरला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती पाठ क्षणभर टाचेपासून पाईपच्या टोकापर्यंत एका ताणात आली. सुमेधाची पेन्सिल भराभर चालली.

"आणि तोंडाचा काय करू, आय?"

"मीट वडताना तोंड कोन बगतो? समद्यांचा लक्ष मिठाकडं."

धनेशने कामगारांना चहाला पाठवलं आणि ग्राइंडर स्वतः हातात घेतला. आधी नथनी गेली, मग गोंदण. शेवटी चेहऱ्याच्या जागी एक कोरा पत्रा बसला. सुमेधाच्या नव्या चित्राप्रमाणे त्याने धड मागे रेलवलं आणि बाई येणाऱ्या गाड्यांकडे वळवून पुन्हा रस्त्याकडेला उभी केली.

आठ दिवसांनी तीच गाडी, तोच वेग. या वेळी बाई दोन फर्लांगांवरूनच दिसली, आभाळाला रेललेली, दांडा ओढत मागे मागे येणारी. बयाबाई पट्ट्याला ताण देऊन पुढे झुकल्या. 

"काशी," त्या म्हणाल्या.

काशी म्हणजे त्यांची थोरली जाऊ. शेजारच्याच वाफ्यात तिने आयुष्यभर मीठ ओढलं आणि धनेश दहावीत असताना ती वारली. बयाबाईंनी स्वतःला मीठ ओढताना कधी पाहिलं नव्हतं. वाफ्यात मान वर केली की त्यांना दिसायची ती काशी.

"तिचाच पाय असा रुतायचा," म्हणत त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

मागून सुमेधा काही सांगायला पुढे झाली. धनेशने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून नुसती मान हलवली.

"हां आय," तो म्हणाला. "काकीच हाय."

"फिरव ना परत. पुरती बगू दे."

पुढच्या वळणावरून त्याने गाडी फिरवली. त्या दिवशी तीनदा फिरवली.

बयाबाई त्याच वर्षी, १९ नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी वारल्या.