हलू नकोस, बारके

पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि टेलरबाईंना पुन्हा रक्त दिसू लागलं. त्यांनी ते पोटातच ठेवलं. मोठी बहीण गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली होती, तीही अशीच गप्प बसून. शेवटी त्या बहिणीच्या मुलीनं मावशीचा उतरलेला चेहरा ओळखला आणि खोदून खोदून विचारून त्यांना दवाखान्यात ओढत नेलं.

सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. तपासायला तुकडा काढावा, तर गर्भाशयाचं तोंड इतकं आक्रसलेलं की हाती काही लागेना.

"एमआरआय करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ आहे का, असली तर किती खोल गेलीय, ते कळेल."

टेक्निशियननं पोटावर जाड पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात रबरी फुगा दिला. "हललात की चित्र फिसकटलं. अगदीच जीव घाबरला तर हा दाबा."

मग त्यांना मशीनच्या नळीत सरकवलं; तिचं छत नाकाला टेकतं की काय इतकं जवळ. मशीन ठोकू लागलं, मग किरकिरू लागलं, मग कोणीतरी आतून दार बडवावं तसं धडधडू लागलं. टेलरबाईंचा श्वास अडकला. पाय आपोआप उचलले गेले. बोटं फुग्यावर आवळली.

"हलू नकोस, बारके."

त्यांना बारके म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते केव्हाच मातीला मिळालं होतं. तोच घोगरा सूर, तीच दटावणी.

"ताई?"

"गप पड. थोडंच राहिलंय."

बोटं सैल पडली. त्या दगडासारख्या पडून राहिल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मध्ये बोलल्या त्या बाई कोण?"

टेक्निशियनचा हात पट्ट्यावरच थांबला. "तुम्हालाही ऐकू आलं? मला वाटलं, तुम्हीच स्वतःशी बोलताय. माझा माइक तर बंद होता, मावशी."

त्यानं रिकाम्या नळीत एकदा वाकून पाहिलं. मग पुढच्या पेशंटला म्हणाला, "जरा बसा हं," आणि पाणी प्यायला निघून गेला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. राखाडी अंधारात तांदळाएवढा पांढरा ठिपका चमकत होता. "पेशींची दाटी असली की ती अशी उजळते. सुरुवातीची चित्रं तुम्ही हलल्यामुळे पुसट आली होती, ती तुम्ही शांत पडल्यावर लगेच पुन्हा घेतली. त्यातच हे दिसलं. अजून वरवरच आहे. वेळेत आलात."

ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं, तपासणीत कॅन्सरच निघाला. पुढे किरणांची गरज पडली नाही. टेलरबाई पुन्हा शिलाई मशीनवर बसून कपडे शिवू लागल्या.

वर्षभरानं भाचीला जास्त रक्तस्राव होऊ लागला आणि तीही त्याच नळीत गेली. टेलरबाई बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसल्या. ती बाहेर येताच त्यांनी तिचा दंड पकडला.

"आत कोणी बोललं तुझ्याशी?"

"कोण बोलणार? नुसता खडखडाट. कान किटले."

"नीट आठव. आईचा आवाज?"

"नाही गं मावशी."

रिपोर्टात साधी गाठ निघाली, कॅन्सरची नव्हे. भाची हसत सुटली. टेलरबाईंनी मात्र तिला घट्ट धरलं, आणि त्या हमसून हमसून रडल्या. ताई लेकीशी एक शब्दही बोलली नाही, यात त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि भारी वाईटही वाटत होतं.