लंकेचं प्रायश्चित्त

राजापेठेतले मोरोपंत वकील सिलोन पाहून आले, तेव्हा अर्धी अमरावती त्यांच्या घरी लोटली. एकोणीसशे छप्पन सालची गोष्ट. वऱ्हाडातून उठून समुद्रापलीकडच्या बेटावर नुसती मजा करायला त्या काळी कोण जात होतं? मोरोपंत मात्र बायको चारुशीलेला घेऊन थेट लंकेला जाऊन आले, तेही बोटीत बसून!

बरोबर विधवा बहीण रमा होती. परमुलुखात सोवळ्यातलं जेवण कुठून मिळणार? म्हणून स्टोव्ह, पातेली, डाळ-तांदूळ आणि रमा असं सगळं सामान नेलं होतं. रमेला सामानात धरलं म्हणून माझ्यावर रागावू नका. धरलं होतं ते तिच्या सख्ख्या भावानं.

रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीहून बोट निघाली तेव्हा रमा खाली पाण्याच्या कळशीजवळ बसून होती, कुणी शिवू नये म्हणून. कोलंबोत नवरा-बायको समुद्रात डुंबत, तेव्हा ही भाड्याच्या खोलीत वरण-भात करी. "दादा, एकदा किनाऱ्यावर येऊ का?" असं तिनं विचारलं होतं. "उद्या बघू," दादा म्हणाले. उद्या तर समुद्र सोडून डोंगरातल्या कँडी शहराला जायचं होतं. रमेचा किनारा राहिला तो राहिलाच.

घरी परतल्यावर नवंच विघ्न उभं राहिलं. मोरोपंतांच्या मुलीचं लग्न अकोल्याच्या जुन्या शहरातल्या हरिहरशास्त्र्यांच्या मुलाशी ठरलं होतं. शास्त्रीबुवा म्हणाले, "तुम्ही समुद्र ओलांडलात. प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुमच्या घरचं पाणी आम्हांला चालायचं नाही." प्रायश्चित्त म्हणजे पंचगव्य घ्यायचं आणि डोक्यावरचे केस उतरवायचे!

मोरोपंत वकील ते वकीलच. त्यांनी लगेच वाट काढली. "शास्त्रीबुवा, घरातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं घेतलं तर?"

शास्त्रीबुवांनाही लग्न हवंच होतं. म्हणाले, "चालवून घेऊ."

"झालं तर मग! मला कोर्टात उभं राहायचं असतं. चारुशीलेला लग्नात मिरवायचंय. रमा काय, घरातच असते."

रमा पस्तिशीची. ऐन विशीत नवरा गेला तेव्हा भाऊबंद तिचे केस उतरवायला टपले होते, पण तिचे वडील आडवे आले. गुडघ्यापर्यंत पोचणारे ते केस सोडले तर तिचं स्वतःचं असं जगात काही नव्हतं. तिनं भावाचे पाय धरले. "दादा, एक वेळच जेवायला घाला, पण केस राहू द्या हो!"

"खुळी आहेस का? भाचीचं लग्न मोडायचंय तुला?"

घ्या! समुद्रात डुंबले हे, आणि लग्न मोडणार ती!

रविवारी सकाळी मागच्या अंगणात रमेला पाटावर बसवलं. शास्त्रीबुवा मंत्र म्हणू लागले, न्हाव्यानं वस्तरा परजला. त्याच वेळी पुढच्या बैठकीत मोरोपंत मंडळींना लंका सांगत होते. अहो, बोलावणी आधीच गेली होती ना!

"लंकेत गेलात तर पहाटे समुद्रात उतराच. केशरी शहाळं प्या, नदीत डुंबणारे हत्ती पाहा. आणि अशोकवन? ते चुकवू नका. सीतामाई जिथं कैदेत बसली होती ना, तिथं उभा राहिलो आणि खरं सांगतो, डोळ्यांना पाणी आलं माझ्या!"

मंडळी हळहळली. तेवढ्यात नत्थुजी आत आले. हे पातूरकडचे मोठे शेतकरी, मोरोपंतांचे जुने पक्षकार. पान थुंकायला ते मागं गेले होते.

"वकीलसाहेब, मांगं बाई रडून राह्यली. तिचे केस काहून काढून राह्यले?"

"प्रायश्चित्त आहे, नत्थुजी. समुद्र ओलांडल्याचं."

"समुद्रात तर तुमी उतरले. बाईनं काय पाह्यलं तिथं?"

मोरोपंत चिडून म्हणाले, "ती स्वयंपाकाला होती. आमच्या घरच्या रीती तुम्हांला कळायच्या नाहीत."

"नसन कळत. पण रावणानं सीतामाईले झाडाखाली तरी बसू देल्लं होतं. तुमी तुमच्या बहिणीले तेवढंबी नाही देल्लं. आन् सीतेसाठी रडता?"

मोरोपंत ताडकन उठले. दुसऱ्याच क्षणी ते मागं धावले. "थांबवा! थांबवा तो वस्तरा!"

हाय रे दैवा! अर्धं डोकं उतरलं होतं. एका बाजूला गुळगुळीत चामडी, दुसऱ्या बाजूला केस तसेच गुडघ्यापर्यंत. न्हावी बिचारा हात आवरून उभा राहिला.

रमेनं वर पाहिलं. "आता थांबवून काय करू, दादा? हे अर्धं डोकं घेऊन कुठं जाऊ? पुरं करू द्या त्याला."

वस्तरा पुन्हा चालू झाला. मोरोपंत ते बघत उभे राहिले. रमा उठली आणि ते स्वतः पाटावर बसले. "आता माझं कर."

"अहो, तुम्हांला गरज नाही!" शास्त्रीबुवा ओरडले.

"मलाच होती," मोरोपंत म्हणाले आणि रडू लागले.

रमा म्हणाली, "तुमचे महिन्याभरात येतील, दादा. मला आता कुणी केस वाढवू देणार आहे का?" आणि ती आत निघून गेली.

लग्न झालं. मांडवात वरपक्षाकडून निरोप आला की त्या बोडक्या बाईला समोर आणू नका, अपशकुन होतो. ज्यांनी बोडकं केलं, त्यांचाच निरोप! मोरोपंतांनी रमेचा हात धरून तिला भर मांडवात आपल्याशेजारी बसवलं. "शास्त्रीबुवा, हे लग्न हिच्या केसांवर झालंय. ही इथंच बसेल." रमा बसली खरी, पण तिनं मान वर केली नाही. भावाची चूक भावाला कळली, पण भोगायची तिलाच होती.

बंधू-भगिनींनो, स्वराज्य येऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हा! घरात सुख आलं की विधवेला दाराआड ठेवायचं आणि पाप फेडायची वेळ आली की तिलाच पाटावर बसवायचं, याला धर्म म्हणू नका. हा सरळ सरळ भेकडपणा आहे. ज्यानं केलं त्यानं फेडावं. आणि अक्कल यायची असेल, तर ती वस्तरा लागण्यापूर्वी येऊ द्या.