वेल्स कॉटेज, साखरशेत

भिंतीवर फोटो. हिरवी टेकडी, दगडी घर, पांढऱ्या मेंढ्या. खाली 'वेल्स'. फ्रेम जव्हारच्या बाजारातली.

वाळीत टाकलेल्या घरात मयत झालं तर सोयरे येतात, पण त्या घरचं खात नाहीत. आपला तांदूळ आपण आणतात, अंगणात तीन दगड मांडून शिजवतात, खातात, जातात.

टोस्टर. पाव मात्र खोडाळ्याहून आणावा लागतो.

गोरख पाचवीच्या मुलांना सांगतो, चुकलं तरी चालेल, मोठ्याने बोला.

'कृपया जेवणाबद्दल सारखं विचारू नये. आम्ही विश्रांतीसाठी आलो आहोत.'

आमच्यात लग्न ताटावर ठरतं. मुलाकडचे जेवले की जमलं. न जेवता हात धुतले की मोडलं.

दिपेशदादा माझा मोठा भाऊ. जव्हारच्या एका कचेरीत कारकून आहे. तिथे काम कमी आणि नेट चांगलं, म्हणून त्याला वेल्स सापडलं. तिकडे म्हणे खेड्यात घर बांधतात, त्यात गॅस, भांडी, पलंग ठेवतात, पाहुण्याच्या हातात किल्ली देतात आणि निघून जातात. पाहुणा स्वतः शिजवतो, स्वतः खातो, खिडकीतून मेंढ्या बघतो. त्याला बरं वाटतं. दादाने आमच्या अंगणापलीकडे तेच उभं केलं. मेंढ्या नव्हत्या. शेजारच्या माघ्याच्या शेळ्या होत्या, त्या काळ्या निघाल्या.

पौषात ठाण्याहून कमलेश आणि रोहिणी आले. आई ताट घेऊन कॉटेजच्या दारात गेली. रोहिणीने दार अर्धं उघडलं.

"मावशी, किती गोड. पण आम्ही आमचं बघू."

"बघा, पण आधी खा."

"नाही हो. ते सेल्फ असतं ना."

आईला सेल्फ म्हणजे गाडी सुरू करायचं बटण एवढंच माहीत. तिने ताट परत आणलं आणि ते कुत्र्याला घालू की आपण खाऊ, असं मला विचारलं. संध्याकाळी पुन्हा गेली, सकाळी पुन्हा. मग दादाच्या फोनवर तो मेसेज आला. दादा आईवर ओरडला. वेल्समध्ये कुणी असं ताट घेऊन फिरत नाही, म्हणाला. वेल्सला तो गेलेला नाही. नाशिकच्या पुढे तो गेलेला नाही.

त्या दोघांची विश्रांती मी शाळेत जाता-येता बघत होते. सकाळी झोपाळ्यावर बसून फोन. दुपारी झोपाळ्यावर पडून फोन. मधे कमलेश उठायचा, एक कांदा चिरायचा, चिरलेल्या कांद्याचा फोटो काढायचा आणि दमून परत पडायचा. माझी आई तेवढ्या वेळात ओढ्यावरून दोन खेपा करून यायची. तिचाही त्याने एक फोटो काढला. पाठमोरा, कारण तिने तोंड फिरवलं.

रविवारी गोरखकडचे यायचे होते. गोरख खोडाळ्याचा, मी शिकवते त्याच आश्रमशाळेत शिकवतो. आमचं दोघांचं ठरलेलं होतं, फक्त ताट व्हायचं होतं. गोरखला वडील नाहीत. म्हणजे पहिला घास त्याच्या काकाने, देवजीबाबाने, घ्यायचा.

आईने पहाटेपासून चूल सोडली नाही. नागलीच्या भाकऱ्या, उडदाची आमटी, गावठी कोंबडी, भात. पाहुणे आले, पाय धुतले, ओसरीवर बसले. पानं वाढली. मी आमटी घेऊन उभी. गोरखने एकदा वर पाहिलं आणि हसू दाबलं. सगळं नीट चाललं होतं.

मग दादाला मोठेपणा सुचला.

"थांबा जरा," तो देवजीबाबाला म्हणाला. "आपल्याकडे ठाण्याचे गेस्ट आहेत. त्यांना पण बोलावतो. पंगतीला शोभा येईल."

कुणी सांगितलं नव्हतं.

ते दोघं आले. खरंच आले, हसत आले. रोहिणीच्या हातात झाकणाचा डबा. कमलेशच्या हातात काचेचा वाडगा, त्यात काकडीचे तुकडे आणि कसलंतरी पांढरं. खाली बसता येत नाही म्हणून खुर्च्या आणाव्या लागल्या. आईने त्यांच्यापुढे ताटं ठेवली. रोहिणीने ती अलगद बाजूला सरकवली आणि आपला डबा उघडला.

"आमचं आम्ही आणलंय. तुम्हाला त्रास नको."

देवजीबाबाचा हात भाकरीवर होता. तो तिथेच राहिला.

"हे तुमचे घरी राहतात?" त्याने दादाला विचारलं.

"हो, मंगळवारपासून."

"नी मंगळवारपासून जेवतात कुठं?"

"स्वतः शिजवतात," दादा अभिमानाने म्हणाला. "आपलं काहीच घेत नाहीत. चहासुद्धा नाही. तीच तर सिस्टीम आहे बाबा."

"तुमचे हातचा चहा पण नाय."

"नाही ना."

देवजीबाबाने अंगणापलीकडे पाहिलं. कॉटेजच्या बाहेर कमलेशने आदल्या दिवशी हौसेने तीन दगड मांडून वांगं भाजलं होतं. राख तिथेच होती.

"शिकलेली माणसं हायेत," बाबा हळू म्हणाला. "उगाच नाय करणार. काय तरी ठावं असल त्यांना."

दादा हसला. त्याला वाटलं कौतुक चाललंय. कारकून माणूस, त्याला कागदावर लिहिल्याशिवाय काही कळत नाही. मला कळलं. आईला तर आधीच कळलं होतं, ती दारातच बसली.

मी रोहिणीपाशी गेले.

"ताई, एक घास खा. भाकरीचा."

"अगं, मी सध्या तेल आणि साखर बंद केलंय."

"भाकरीत दोन्ही नाही."

"हो, पण आज माझं ठरलेलं आहे ना. उद्या नक्की."

"उद्याचा उपयोग नाही. आत्ता खाल्लंत तर माझं लग्न होईल."

ती मोठ्याने हसली. "ऐकलंस का कमलेश, किती फिल्मी."

"मी खाल्लं असतं," कमलेश म्हणाला, "पण माझं पोट जरा नाजूक आहे. बाहेरचं चालत नाही." आणि त्याने माझ्या आईच्या ताटाचा फोटो काढला. कोंबडीचा वेगळा, जवळून.

बाहेरचं. आमच्या ओसरीवर, आमच्या खुर्चीत बसून.

देवजीबाबाने भाकरीवरचा हात उचलला.

"पाणी दे पोरी, हात धुतो."

बोटांना काही लागलं नव्हतं. तरी त्याने नीट धुतले, कोपरापर्यंत. मग सगळे गोरखकडे बघायला लागले. त्याच्या पुढ्यात भाकरी होती, हात मोकळा होता, तोंड होतं. एक तुकडा मोडला असता तर काकाला परत बसावं लागलं असतं. पुतण्या जेवत असताना उठून जायची रीत नाही. हे गोरखला माहीत होतं.

त्याने हात पुढे केले. मी पाणी घातलं. पाणी मीच घातलं, दुसऱ्या कुणाला तांब्या दिला नाही. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकांचं मन आहे ना आता."

"धू," मी म्हणाले. "नखं पण धू."

सोमवारी पाहुणे गेले. त्यांनी लिहिलेलं दादाने आम्हाला वाचून दाखवलं:

'अप्रतिम शांतता. यजमान अजिबात मधे येत नाहीत. स्थानिक लग्नाची बोलणी जवळून पाहायला मिळाली, अतिशय जिवंत अनुभव. एक तारा कमी, कारण ओव्हन नाही.'

"ओव्हन घ्यायला पाहिजे," दादा म्हणाला. आईने त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. स्वतः शिजव म्हणाली. त्याने टोस्टर लावला, आणि लाईट गेली.

पंधरवड्याने देवजीबाबाचा निरोप आला. चौकशी केली, घर वाळीत नाही हे कळलं. ते भाड्याचं खोपट बंद करा, मग परत ताटावर बसू. दादा तयार झाला, मला त्याचं आश्चर्य वाटलं. फ्रेम त्याने स्वतः उतरवली. गोरख शाळेत स्टाफरूमच्या दारात उभा राहिला आणि हळू, कुणी ऐकणार नाही असं बोलला, "आता जमेल वर्षा. येतो मग आम्ही."

"येऊ नका," मी म्हणाले. "वाढणार नाही."

शेजारच्या वर्गात मुलं होती, त्यांनी ऐकलं. मी हळू बोलले नव्हते. गोरखने इकडे तिकडे पाहिलं आणि हजेरीपट शोधायला लागला. तो त्याच्या काखेतच होता.

कॉटेज चालू आहे. फ्रेम मीच परत लावली. माणसं येतात, कांदा चिरतात, दमतात.

त्या पंगतीच्या आधी, दिवाळीतल्या वाघबारशीला, गोरख एकटाच आमच्याकडे आला होता, आणि चुलीपुढे बसून माझ्या हातची भाकरी पोटभर जेवला होता.