निखाऱ्यांवरचे झाकण

मिस केझाया प्लेजर यांच्या पहिल्या पत्राला आपण उत्तरच दिले नव्हते, हे त्यांचे दुसरे पत्र फोडताना अँब्रोस थर्कल यांना आठवले. दोन वर्षे झाली होती. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या या बाईंनी अँब्रोस रचत असलेल्या शब्दकोशासाठी एका पितळी झाकणाचे चित्र काढून पाठवले होते. सोबत चार शब्द: ‘निजण्यापूर्वी आजी हे निखाऱ्यांवर ठेवी आणि म्हणे, कर्फ्यू घातला. आमच्याकडे या झाकणालाच कर्फ्यू म्हणतात.’

कर्फ्यू म्हणजे संध्याकाळची घंटा, हे सगळ्यांना ठाऊक होते. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘विस्तव झाका’, हेही विद्वानांना ठाऊक होते. पण विस्तव झाकणारी ती वस्तू त्याच नावाने एखाद्या इंग्रज घरात अजून नांदत असेल, असे कुणाच्या मनातही आले नव्हते. अँब्रोस यांनी विद्वानांच्या सभेत त्यावर निबंध वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांच्यासाठी उठून उभे राहिले. बाईंचे नाव सांगायचे राहून गेले.

दुसरे पत्र लहान होते. आपल्या झाकणाविषयी बाईंनी गावच्या मासिकात लिहिले, तर पाद्रीबुवांनी तो मजकूर थर्कलसाहेबांच्या निबंधातून चोरलेला ठरवला. येत्या सोमवारी शाळा समिती बाईंना कामावरून काढणार होती. ‘माझे पत्र आपल्या निबंधाआधी पोहोचले होते, एवढी एक ओळ लिहून द्याल का?’

“ही बघ, सापडली.” थोरली बहीण डॉर्कस बाईंची ती पहिली चिठ्ठी घेऊन आत आली. कोशासाठी येणाऱ्या प्रत्येक कागदावर लाल शाईने तारीख तीच घालत असे. “तीन मार्च. तुझा निबंध जूनमधला. आता तरी लिही.”

“लिहितो.”

“दोन वर्षं लिहितोच आहेस. एका बाईला ओळभर लिहायचं तर घाम फुटतो, आणि म्हणे कोश लिहिणार.”

“लोक काय म्हणतील, डॉर्कस?”

“म्हणतील, म्हातारा विसरला. ते काही खोटं नाही.”

“ठेव तिथे. दार ओढून घे.”

पुढच्या महिन्यात विद्यापीठ त्यांना मानाची पदवी देणार होते, ती याच निबंधासाठी. अँब्रोस यांनी चिठ्ठी उचलली. फाडायला हात धजेना. तीस वर्षांत त्यांनी एकही चिठ्ठी फाडली नव्हती. मग ते शिडीवर चढले, ‘बी’ अक्षराचा एक गठ्ठा सोडला आणि चिठ्ठी मधोमध सरकवली. ‘बी’चा भाग केव्हाच छापून झाला होता. छापून झालेल्या अक्षराचे गठ्ठे पुन्हा कुणी उघडत नसे. सुतळीची गाठ त्यांनी पूर्वीसारखीच मारली.

खाली येऊन ते लिहायला बसले. दोन कागद खराब झाले. तिसऱ्यावर अक्षर चांगले उतरले: ‘महोदया, शोध घेतला. आपले कोणतेही पत्र यापूर्वी आमच्याकडे आल्याचे आढळले नाही.’

पाकिटावरची लाख पुरती थिजण्याआधीच डॉर्कसने ते उचलले.

“लिहिलंस एकदाचं?”

“दोन ओळी.”

“पुरेत. तू बस. तुझ्या हाती दिलं तर सोमवार उलटेपर्यंत कोटाच्या खिशात राहील. बिचारी वाटेकडे डोळे लावून बसली असेल.”

खिडकीतून अँब्रोस पाहत होते. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी डॉर्कस थांबली. तिने पत्ता एकदा वाचून पाहिला, पाकीट आत सोडले आणि ते नीट पडावे म्हणून पेटीवर दोन थापा मारल्या.