जोडाक्षरे

वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारचे शास्त्रवाचन सव्वीस वर्षे मोठ्याबाईंकडे होते. निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. त्या उभ्या राहिल्या की कडेवरची पोरेसुद्धा गप्प होत. पण कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मंडळीत आली आणि वारे फिरले. प्रार्थनेला उभी राहिली की ती "देवा, ऐकतोस ना रे?" असे शेजाऱ्याशी बोलावे तसे बोले, आणि बायका डोळे पुसत. आजाऱ्याच्या उशाशी बोलावणे आता तिला येई. मोठ्याबाईंच्या पोटात दुखे, आणि त्या दुखण्याला त्यांनी शिस्तीची काळजी असे नाव दिले होते. एक समाधान उरले होते. बयेला अक्षरओळख नव्हती.

तेही मंडळीच्या पाळकांनी काढून घेतले. तिला वाचायला शिकवा, वस्तीतली बाई शास्त्र वाचते हे लोकांना दिसू द्या, असे त्यांनी मोठ्याबाईंनाच सांगितले. नाही म्हणणे त्यांना शोभले नसते.

इस्त्रीवाली दुपारी कोळसे विझवून येई आणि भाजल्याचे डाग पडलेल्या बोटांनी पाटी धरी. महिन्याभरात बाराखडी पाठ झाली. पुढे जोडाक्षरे यायची, ती काही येईनात. मोठ्याबाई 'का की कू'च गिरवून घेत राहिल्या. सुनेने भाजी निवडता निवडता टोमणा मारला, "आई, पाया फार खोल चाललाय. वर घर बांधायचं आहे ना?"

घाईने शिकलेले टिकत नाही, असे मोठ्याबाईंनी तिला सुनावले. पण ख्रिस्त, प्रभू, स्वर्ग यांतले काहीच जोडाक्षरांवाचून वाचता येत नाही, हे जन्मभर शिकवलेल्या बाईला कोणी सांगावे? मत्सर तरी कुठे लिहिता येतो?

एका रविवारी पाळकांनी अचानक इस्त्रीवालीलाच वाचायला बोलावले. पहिली ओळ तिने अडखळत, पण नीट वाचली. दुसऱ्या ओळीत 'ख्रिस्त' आला आणि ती थांबली. मंडळी वाट पाहू लागली. मोठ्याबाईंना गोड वाटले, अगदी गुन्हा वाटावा इतके गोड. पाळक त्यांच्याकडे वळले. त्या पदर सावरून उठल्याही. एवढ्यात इस्त्रीवाली सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बाई जीव तोडून शिकवतात, पाळकसाहेब. माझंच डोकं जाड."

तिने उणे काढले असते, तर मोठ्याबाईंनी तिला दोन वाक्यांत गप्प केले असते. पण तिने तर त्यांचीच बाजू घेतली होती. त्या वाचनाच्या मेजापाशी गेल्या. तिने ग्रंथ त्यांच्याकडे सरकवला; त्यांनी तो परत तिच्यापुढे सरकवला आणि तिचे बोट अडलेल्या शब्दाखाली ठेवले.

"ख ला र जोडायचा," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "ख्रि. मग स ला त. स्त."

इस्त्रीवालीने तो शब्द मोठ्याने म्हटला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एका स्वल्पविरामापाशी मोठ्याबाई आणखी हळू म्हणाल्या, "डोकं जाड नाही तुझं. मी हे शिकवलंच नाही तुला."

"ठाऊक आहे, बाई," पानावरची नजर न काढता ती पुटपुटली. "पुढचं सांगा. लोक खोळंबलेत."

समोर बायका डोळे पुसू लागल्या होत्या. मोठ्याबाईंना ते दिसले, दुखायचे तिथे दुखलेही. त्यांनी पुढचे अक्षर सांगितले.